डुकरिणीचा पंपवाला

झारेनमामाला कुणी वय विचारलं की तो म्हणायचा, "डुकरिणीच्या वयात सहा मिळव." विचारणारा नवखा असला तर गोंधळायचा. आम्हाला सवय झाली होती.

डुकरीण म्हणजे 'मार्शवेल', इंग्रजांच्या नौदलाचं तेलवाहू जहाज. ते इंग्रजी नाव तिच्या पुढच्या टोकावर रंगवलेलं होतं, पण थोरल्या बंदरात कुणी ते तोंडात घेतलं नाही. आमच्याकडे माणसाला पाळण्यातच टोपणनाव चिकटतं, तिथे जहाज कसं सुटणार? जाडी, काळी, संथ, आणि पोटभर तेल. बंदरात येऊन बोयाला टेकली की दोन्ही अंगांनी विनाशिका येऊन पाइपांनी तिला लुचायला लागायच्या. ते बघून कुणीतरी डुकरीण म्हटलं, आणि तेच राहिलं.

मामा तिच्यावर अठराव्या वर्षी चढला आणि पुढे पंपवाला झाला. पंपवाला काय करतो हे कुणाला ठाऊक नसतं, याचा त्याला जन्मभर राग होता. जहाजाच्या पोटात टाक्यांच्या रांगा असतात. कुठली आधी रिकामी करायची आणि कुठली मागून, हे चुकलं तर जहाज कलंडतं, नाहीतर पाठीतून मोडतं. "कप्तान तिला चालवतो, मी तिला मोडू देत नाही," असं तो सांगायचा. हे त्याने एकदा कप्तानालाच ऐकवलं होतं आणि त्यापायी पंधरा दिवस टाक्या घासल्या होत्या. तरी बोलणं सोडलं नाही. गप्प बसणं आमच्या घराण्यात कुणाला जमलेलं नाही, मलाही नाही.

मी त्याची भाची. शेवटची बारा वर्षं तो माझ्या दुकानाच्या वरच्या खोलीत राहायचा. खाली मी पस्तित्सी, म्हणजे चीज भरलेल्या करंज्या, भाजायची आणि तो जिन्यात बसून गिऱ्हाइकांना टोमणे मारायचा. लग्न केलं नाही. "एक डुकरीण सांभाळली, पुरे झालं," म्हणायचा. डुकरिणीचा सगळा इतिहास मी त्या जिन्यात ऐकला. पहिल्या महायुद्धाच्या अखेरीला ती उत्तर इंग्लंडात बांधली. धान्य न्यायला बांधायला घेतली होती, मध्येच साहेबांचा बेत बदलला आणि पोटात टाक्या बसवल्या. म्हणून ती कधी सरळ चालली नाही, जरा डावीकडे झुकूनच चालायची. इराणच्या आखातातून तेल आणायची, कधी पार त्रिनिदादहून. इटलीवाले हबशांवर चालून गेले तेव्हा अलेक्झांड्रियात उभी राहून तिने सगळ्या आरमाराला पाजलं. स्पेनमधल्या लढाईतही तेच. मग मोठं युद्ध आलं.

युद्धात लोक लढाऊ जहाजांची नावं घेतात. ती जहाजं काय पाणी पिऊन चालत होती? हे मामाचं वाक्य आहे, आणि ते तो ओरडून म्हणायचा.

त्याच्या जोडीला स्पीरू होता. पाइप जोडायचे, सोडायचे, हे स्पीरूचं काम. काटकुळा, बेसूर गाणारा आणि कायम बोडका, कारण तेलात टोपी टिकत नाही. दोघांचं दिवसातून दोनदा भांडण व्हायचं. "पंप बंद कर म्हणून कधीचा ओरडतोय, बहिरा झालास का रे?" असं स्पीरू वरून म्हणायचा आणि मामा खालून, "तुझं गाणं ऐकून झालो." युद्ध सुरू झालं त्याच वर्षी स्पीरूने आमच्या गल्लीतल्या फीनाशी लग्न केलं. मामा साक्षीदार होता.

डुकरीण दोनदा ताफ्याबरोबर पूर्वेकडे गेली आणि दोनदा परत आली. दुसऱ्यांदा कुशीत टॉर्पेडो घेऊन आली, तरी तेल सांडलं नाही. मग बेचाळीसच्या वसंतात, जेव्हा आमच्या बेटावर बाँबशिवाय आभाळातून काही पडत नव्हतं, तेव्हा बंदरातच, बोयाला बांधलेली असताना, ती बसली.

बसली म्हणते, बुडाली म्हणत नाही. मामासमोर बुडाली म्हणायची सोय नव्हती. पाणी तिथे खोल नव्हतं. मागचा भाग पाण्याखाली, पुढचा डेक आणि धुराडं वर, अशी ती तळावर टेकली. खालून समुद्र आत शिरला, तसं तेल वर चढलं, कारण तेल पाण्यावर राहतं. टाक्यांच्या झाकणांशी ते येऊन बसलं. आता ते काढायला तिचा पंप उपयोगाचा नव्हता, तो बुडालेला. म्हणून बॉयलर असलेली एक होडी शेजारी आणून बांधली, तिच्या वाफेने ते काकवीसारखं तेल पातळ करायचं आणि होडीच्या पंपाने ओढायचं. ते काम मामा आणि स्पीरू करत होते. छातीभर तेलकट पाण्यात, बाँबगोळ्यांत. उन्हाळाभर. बेटावर तेव्हा दुसरं तेल जवळजवळ नव्हतंच. बंदरातून ज्या पाणबुड्या आणि विनाशिका बाहेर पडल्या, त्यांतल्या कितीतरी या तळावर टेकलेल्या डुकरिणीचं दूध पिऊन गेल्या.

पण नौदलाच्या कार्यालयात एका साहेबाने एप्रिलमध्येच तिच्या नावापुढे 'नष्ट' असं लिहून ठेवलं होतं. जहाज नष्ट, म्हणून खलाशी कमी. कमी केलेल्या माणसांना बंदरातले हंगामी मजूर म्हणून परत बोलावलं, त्याच कामाला, त्याच जहाजावर. कुणाला त्यात काही वावगं वाटलं नाही. पोटाला पाव मिळत होता, तोही अर्धा.

जुलैत एका दुपारी एक विनाशिका तेल घेत असताना भोंगे वाजले. ती सुटून निघायला हवी होती. पाइपाच्या सांध्याचा बोल्ट अडकला. तसाच पाइप तोडून निघाली असती, तर तेल पाण्यावर पसरलं असतं आणि एका ठिणगीने सगळा धक्का पेटला असता. मामाने होडीवरून वाफ बंद केली आणि ओरडला, "ये इकडे, मरशील!" स्पीरू डुकरिणीच्या डेकवर त्या बोल्टाशी झटत पाठमोरा उभा होता. त्याने मागे न बघता हात हलवला, गप्प बस म्हणून. बोल्ट निघाला. विनाशिका सुटली. मग डुकरिणीच्या मागच्या भागावर बाँब पडला आणि तेल पेटलं. धक्का वाचला, विनाशिका वाचली, होडी वाचली. स्पीरूचं काहीच सापडलं नाही, पुरायला सुद्धा.

पुढच्या आठवड्यात मामा फीनाला घेऊन त्या कार्यालयात गेला. हा प्रसंग तो सांगायचा तेव्हा उभा राहायचा.

"स्पीरू 'मार्शवेल'वर गेला. त्याचं नाव लिहा," मामा म्हणाला.

"मार्शवेल?" कारकून म्हणाला. "ती तर एप्रिलमध्येच गेली. त्या वेळी कुणी दगावलं नाही."

"गेली नाही हो, बसली आहे. ही काय, तुमच्या खिडकीतून धुराडं दिसतंय."

कारकुनाने खिडकीकडे मान वळवली नाही. "जे जहाज नाही, त्याच्यावर माणूस कसा मरेल?" तो म्हणाला. "धक्क्यावरचा अपघात म्हणा. मजुरांचं दुसरीकडे बघतात." दुसरीकडे गेले, तिथे त्यांना नौदलाकडे पाठवलं. युद्ध संपल्यावर घाटावर मोठा दगड उभा राहिला, त्यावर नावं कोरली. स्पीरूचं नाव त्यात नाही. आजही नाही. जाऊन बघा हवं तर.

डुकरीण नंतर उचलली, ठिगळं लावली, आणि इटलीच्या किनाऱ्यावर भंगारवाल्यांकडे ओढत नेली. तिच्यावरच्या वाचलेल्या लोकांनी नवस फेडायचं ठरवलं. आमच्याकडे समुद्रावरून जिवंत परतलेली माणसं मेरीमातेला जहाजाचं चित्र वाहतात. चित्रकार ठरलेला, चित्रही ठरलेलं: खवळलेला समुद्र, मध्ये जहाज, कोपऱ्यात ढगावर माउली. मामाने चित्रकाराला सांगितलं, "माझी डुकरीण जशी होती तशी काढ. बसलेली. मागून पाण्याखाली. पाइप बाहेर. आणि पाइपाशी स्पीरू."

तेव्हाचे म्हातारे पाद्री अडून बसले. "अरे, नवस पावला त्याचं चित्र असतं. मेलेल्याला काय पावलं?"

"त्याला नाही पावलं," मामा म्हणाला. "आम्हाला पावलं, ते त्याच्या हातून. माउलीचे हात काढता ना तुम्ही? तसाच हाही काढा."

चित्र चर्चमध्ये लागलं. बाजूच्या दरवाजापाशी, मेणबत्त्यांच्या पेटीवर, जिथे कुणाची नजर जात नाही अशा जागी. बोटाएवढा स्पीरू, पाठमोरा, बोडका. फीनाच्या घरावर बाँब पडला होता, त्यात लग्नाचा फोटोही गेला. तेव्हा स्पीरू या जगात कुठे असेल तर त्या चित्रात. दर शुक्रवारी ती यायची, मेणबत्ती लावायची आणि निघताना त्या एवढ्याशा पाठीवरून बोट फिरवायची. चाळीसहून जास्त वर्षं. तिच्या बोटाने त्याचा रंग झिजला, काळा ठिपका उरला. पण तिला ठाऊक होतं तो कुठे आहे.

आणि मग सूर रोमेऊ, म्हणजे रोमेऊशेट, उत्सव समितीचे अध्यक्ष झाले.

रोमेऊ माणूस वाईट नाही, हे मी दात ओठ खाऊन लिहिते. नळ आणि रंग विकतो, सणाला शोभेची दारू आणतो, भाषण करतो. बेचाळीसला पन्नास वर्षं झाली म्हणून इंग्लंडहून निवृत्त नौदलवाले येणार होते. रोमेऊला पाहुण्यांपुढे आमचं जहाज मिरवायचं होतं. पण वरच्या गावातल्या चर्चमध्ये नवसाची तीन जहाजं आहेत आणि तिन्ही कशी डौलात तरंगताहेत. आमचं एकुलतं एक, आणि तेही तळाला गेलेलं! वरच्या गावचे लोक सणासुदीला चिडवायचेच, तुमच्या माउलीला पोहता येत नाही वाटतं. रोमेऊच्या नाकाला मिरच्या झोंबल्या होत्या. त्याचा पुतण्या उत्सवाचे पडदे रंगवतो. चित्र महिनाभर त्याच्याकडे दिलं, 'साफ करायला'.

रविवारच्या प्रार्थनेनंतर चित्रावरचा पडदा बाजूला ओढला. मी फीनाचा हात धरून उभी होते. मामा पुढे, काठी टेकून, धुतलेल्या सदऱ्यात. त्याला वाटलं होतं, चला, एकदाचं कुणी तरी बघतंय आपल्या डुकरिणीकडे.

जहाज तरंगत होतं. नुसतं तरंगत नव्हतं, सुसाट निघालं होतं. पुढे पांढरा फेस, मागे धूर, डेकवर एक भली मोठी तोफ, जी तिच्यावर कधीच नव्हती, आणि पाठीशी निळाशार, गुळगुळीत समुद्र. पाइप नाही. स्पीरू नाही. लोकांनी टाळ्या वाजवल्या. पाहुण्यांनीही वाजवल्या. हातोहात एक छापील पुस्तिका वाटली गेली, तिच्यात डुकरिणीला अडीच ओळी होत्या. एप्रिलमध्ये हवाई हल्ल्यात नष्ट, पुढे भंगारात विक्री. पन्नास वर्षांनी त्याच कारकुनाची ओळ, फक्त कागद गुळगुळीत.

"अरे ए रोमेऊ!" मामाचा आवाज चर्चच्या छताला लागला. "ही कोण?"

"ही काय, मामा, तुमची मार्शवेल!" रोमेऊ हसत म्हणाला. "कशी झकास झाली ना?"

"ही माझी डुकरीण नाही. ही तुझ्या दुकानातली बादली आहे. माझी बसली होती, बसून पाजत होती. स्पीरू कुठाय? पाइपावरचा स्पीरू! फीनाचा नवरा स्पीरू! ऐकू येतंय ना? स्पीरू!"

"मामा, पाहुणे आहेत, हळू," रोमेऊ दातांतून म्हणाला. "तिथे माणूस नव्हता, तेलाचा डाग होता. पोराने घासून काढला. आणि बुडालेलं जहाज माउलीपुढे बरं दिसतं का? पावली नाही असं वाटतं."

"बुडालेलं नाही, गाढवा!"

पाहुण्यांतल्या एका म्हाताऱ्याने काय चाललंय विचारलं, तेव्हा रोमेऊने त्याला सांगितलं की हे जुने खलाशी, फार भावनाविवश झालेत. त्या बिचाऱ्याने येऊन मामाचा हात हातात घेतला. त्याच्या डोळ्यांत खरोखर पाणी होतं. मामाने हात हिसकला.

या सगळ्यात फीना माझा हात सोडून पुढे गेली होती. तिला आताशा नीट दिसत नाही. तिने सवयीने बोट वर केलं, नेमकं त्याच जागी टेकवलं, आणि निळ्या रंगावरून फिरवत राहिली. एकदा, पुन्हा एकदा. मग वळून मामाला म्हणाली, "झारेन, यांनी त्याला पाण्यात टाकला रे."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. पन्नास वर्षांपूर्वी एका परक्या साहेबाने केलं ते केलं, त्याला आमची भाषा येत नव्हती असं म्हणू. हे आपलेच, आपल्याच चर्चमध्ये, आणि भक्तीने!

आमचे आताचे पाद्री, दुन सवेर, तरुण आहेत. त्यांना लाज वाटली. त्यांनी पुतण्याला बोलावून विचारलं, वरचा रंग काढला तर खालचं मिळेल का? त्याने सांगितलं, त्या जागी खाली काहीच नाही, डाग जात नव्हता म्हणून पॉलिशपेपर मारला. मग रोमेऊ स्वतः फीनाच्या घरी मिठाईचा पुडा घेऊन आला आणि म्हणाला, डेकवर एक छानसा खलाशी काढून देतो, टोपी घातलेला, सलाम करणारा.

"त्याने कधी कुणाला सलाम केला नाही," फीना म्हणाली. "पुडा घेऊन जा."

त्या शुक्रवारी दुपारी मामा जिना उतरून खाली आला. हातात होडीला लावतात त्या काळ्या रंगाचा डबा आणि बारीक ब्रश. "पोरी, दुकान बंद कर. खुर्ची धरायला चल."

"मामा, तुला चित्र काढता येतं का?"

"त्या रोमेऊच्या पुतण्याला येतं?"

चर्च उघडं होतं. फीना मेणबत्ती लावून बसली होती. मामा खुर्चीवर चढला, मी खुर्ची आणि मामा दोन्ही धरून उभी राहिले. ऐंशी ओलांडलेला हात, त्यात पंपाच्या चाव्या फिरवून वाकडी झालेली बोटं. बोटाएवढा माणूस काढायचा म्हणून त्याने सुरुवात केली आणि तो वाढतच गेला. धुराड्याएवढा झाला. पाठमोरा, बोडका, दोन हात पुढे. पण त्याला उभं राहायला जागाच नव्हती. जहाज त्याला सोडून पुढे निघालं होतं, डेक तिकडे गेला होता. मामाने त्याला जिथे होता तिथेच उभा केला. भर समुद्रात, एकटा. मग त्याच्या हातात एक जाड काळा पाइप दिला आणि तो पाइप त्या पळणाऱ्या जहाजापर्यंत ओढत नेऊन भिडवला.

फीना अगदी जवळ जाऊन बघत होती. "जाडा काढलास," ती म्हणाली.

"पन्नास वर्षं उभा आहे. सुटणारच."

ती हसली आणि तिने त्याच्या ओल्या पाठीवरून बोट फिरवलं. बोट काळं झालं.

कुणीतरी जाऊन सांगितलंच. रोमेऊ धावत आला, मागून दुन सवेर. रोमेऊच्या हातात टर्पेंटाइनची बाटली आणि चिंधी होती, दुकानातूनच उचलून आणलेली. "वेड लागलंय का तुम्हाला? देवाच्या घरात! नव्याकोऱ्या चित्रावर! सरका, ओला आहे तोवर निघेल."

मी आडवी येणार होते. मामाने काठी उचलली होती. पण फीना आमच्या दोघांच्या आधी चित्रापुढे उभी राहिली. आवाज चढवला नाही. तिने आयुष्यात कधी चढवला नाही.

"पूस," ती म्हणाली. "पण पुसायच्या आधी त्याचं नाव घे. कोणाला पुसतोयस ते इथे माउलीसमोर सांग, मग पूस. मी अडवणार नाही."

रोमेऊने तोंड उघडलं. गेल्याच रविवारी मामाने ते नाव अख्ख्या चर्चमध्ये ओरडून सांगितलं होतं, त्याच्याच तोंडावर, चारदा. त्याने दुन सवेरकडे पाहिलं. दुन सवेर खाली बघत होते. टर्पेंटाइनचा वास सुटला होता. रोमेऊने चिंधी या हातातून त्या हातात घेतली आणि तो आठवत उभा राहिला.